जुन्या प्रवाळ-जलजीवालयात नव्या प्रवाळांची भर

कित्येक वर्षे सुस्थितीत असलेल्या जलजीवालयात एकाच वेळी पुष्कळ नवे अश्मप्रवाळ ठेवले, तर पहिले काही आठवडे बहुधा विशेष काही घडत नाही. पॉलिप उघडतात, रंग टिकतात आणि टाकीने ही भर पचविली असा समज होतो. अनर्थ ओढवतो तो त्यानंतर, आणि तो नव्यांइतकाच जुन्या निवहांनाही भोवतो.

जुन्या टाकीचे स्थैर्य म्हणजे वस्तुत: जमाखर्चाचा मेळ होय. सांगाडा बांधताना प्रवाळ पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेट घेतात. सागरजलात दर लिटरला कॅल्शियम सुमारे ४१० मिलिग्रॅम असते. अल्कता मात्र अवघी २.३ मिलि-सममूल्ये. एक मिलि-सममूल्य अल्कता खर्ची पडते तेव्हा कॅल्शियम केवळ २० मिलिग्रॅम उतरते. म्हणजे अल्कता २.३ वरून १.३ वर आली, तरी कॅल्शियमची घट शेकडा ५ देखील भरत नाही. यास्तव कॅल्शियमच्या मापनावर विसंबणाऱ्यास धोका दिसतच नाही. मोजावयाची ती अल्कता, आणि तीही रोज ठराविक वेळी.

समजा, ४०० लिटरच्या टाकीत अल्कता रोज लिटरमागे ०.२ ने घटते. एकूण तूट ८० मिलि-सममूल्यांची. संपृक्त चुन्याच्या निवळीत दर लिटरला सुमारे ४० मिलि-सममूल्ये असल्याने दोन लिटर निवळी पुरते, व बाष्पीभवनाने गेलेल्या पाण्याच्या जागी ती घालता येते. प्रवाळांची मागणी दुप्पट झाली की चार लिटर लागेल. पण रोज उडून जाणारे पाणी तीनच लिटर असेल तर? अधिक ओतल्यास लवणता उतरते. घाईने ओतल्यास निवळीचा सामू १२ च्या वर असल्याने कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो. अशा वेळी उपायच बदलावा लागतो: कॅल्शियम क्लोराइड व सोडियम बायकार्बोनेट यांचे द्राव वेगवेगळे द्यावेत, किंवा कार्बन डायऑक्साइडयुक्त पाण्यात प्रवाळखडी विरघळविणारे पात्र जोडावे.

तथापि मागणी वाढेल या अपेक्षेने आधीच मात्रा वाढविणे हीही चूकच. प्रवासाने शिणलेले प्रवाळ आरंभी फारसे बांधकाम करीत नाहीत. शिवाय त्यांना सोसावा म्हणून प्रकाश मंद केला, तर जुन्यांचेही कॅल्सीभवन मंदावते. प्रकाशाचा हा परिणाम थॉमस व नोरा गोरो यांनी १९५९ साली किरणोत्सारी कॅल्शियमच्या साहाय्याने दाखविला होता. म्हणजे भर घातल्यावर खर्च प्रथम घटूही शकतो व मग चढतो. संपूर्ण टाकी अंधारविण्यापेक्षा नवे निवह तळाशी ठेवून हळूहळू वर आणणे बरे.

जागेचाही प्रश्न आहेच. काही प्रवाळ आंत्रबंध-तंतू बाहेर टाकून शेजाऱ्याच्या ऊती पचवितात, हे ज्युडिथ लँग यांच्या जमैकातील कार्यावरून १९७० नंतर स्पष्ट झाले. गॅलेक्सियाचे संस्पर्शक तर वीतभर पोहोचतात. आज मोकळे दिसणारे अंतर वाढीनंतर उरेलच असे नाही.

अक्रोपोरावरील चापट कृमी औषधी द्रावात बुडविल्यास सुटतात. त्यांची अंडी सुटत नाहीत. म्हणून नव्या प्रवाळांना काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून सांगाड्यावरील अंडी खरवडावी लागतात, आणि एवढे निवह एकदम आणले असता हे काम नीट होत नाही. भारतात अश्मप्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरचा एक तुकडाही परवानगीवाचून प्रयोगशाळेत आणता येत नाही.