‘तिचा स्वभावच तसा आहे’

गरोदर बाईचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आम्ही केसपेपरवर लिहितो. मनाचे काय, असे विचारले तर सोबतची सासूच उत्तर देते, ‘तिचा स्वभावच तसा आहे, डॉक्टर साहेब.’

काही वर्षांपूर्वी नांदेडच्या माझ्या दवाखान्यात एकाच सुमारास दोघी तपासणीला येत. एक भारी धास्तीखोर. बाळ हलले नाही म्हणून यायची, फार हलले म्हणूनही यायची. दुसरी सोशिक. काय त्रास आहे विचारले की ‘काही नाही’ म्हणायची. मला काळजी पहिलीची वाटे आणि, खरे सांगतो, कंटाळाही तिचाच येई. ती बोलबोलून मोकळी झाली व सुखरूप बाळंत झाली. दुसरीचे वजन सातव्या महिन्यात वाढण्याऐवजी घटले. मी टॉनिक लिहून दिले. बाळंतपणाला ती लातूरला माहेरी गेली आणि महिन्याभराने तिच्या आईचा फोन आला, ‘लेक लेकराला जवळच घेत नाही हो.’ आधीच्या दोन मुली. तिसरीही मुलगीच झाली तर, या विचाराने चौथ्या महिन्यापासून तिची झोप उडाली होती. मी विचारलेच नव्हते.

चटकन हाय खाणाऱ्या, सतत चिंता करणाऱ्या स्वभावाच्या स्त्रियांना गरोदरपणी नैराश्याचा धोका अधिक असतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण सारा दोष स्वभावावर टाकणे हे घरच्यांच्या सोयीचे आहे. डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यात २७० स्त्रियांची गरोदरपणीच नोंद करून पाठपुरावा केला. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य आढळले. त्यांपैकी ७८ टक्के जणींचे मन गरोदरपणीच बिघडलेले होते. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बेबनाव होता आणि मुलगी होणे हेही होते. (मुलगा की मुलगी हे पित्याच्या बीजावर ठरते, हे किती वेळा लिहावे!)

तेव्हा नवरोबांनी व सासूबाईंनी लक्ष ठेवावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, निवांतपणा असूनही झोप न लागणे, जेवणावरची वासना जाणे, ‘मी कशाच्या लायकीची नाही’ असे बोलणे हे डोहाळे नव्हेत. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, तिला एकटे ठेवू नये. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. मनाच्या आजाराच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर गर्भ राहिला म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. आधी डॉक्टरांना विचारावे.

लातूरच्या त्या मुलीवर मानसोपचारतज्ज्ञांनी उपचार केले, ती सावरली. आता मी सोबतच्यांना बाहेर बसवून प्रत्येकीला झोपेचे विचारतो आणि तिचे उत्तर वजनाखाली लिहितो.