डॉक्टरला किती स्टार द्यायचे? रुग्णांचे ऑनलाइन रिव्ह्यू वाचताना आणि लिहिताना

समजा, तुम्ही माटुंग्यात नव्यानेच राहायला आलात. आईला ताप आहे. किंग्ज सर्कलच्या आसपास कोण चांगला डॉक्टर आहे, हे तुम्ही मोबाइलवर शोधता. एका दवाखान्याला ४.९ स्टार आहेत: "छान एसी, लगेच नंबर लागला, इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी बरं वाटलं." दुसऱ्याला ३.६ आहेत: "ताप होता तरी नुसतं पाणी प्या, आराम करा आणि तीन दिवसांनी या म्हणाले. पैसे फुकट गेले. एक स्टार."

तुम्ही कुठे जाल? बहुतेक लोक ४.९ कडे वळतील. पण ताप व्हायरल असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला अधिक योग्य असण्याची शक्यता आहे. डॉक्टरांच्या रेटिंगची खरी अडचण इथेच आहे.

चौकशी आपण पूर्वीही करायचोच. शेजारच्या काकूंना किंवा कोपऱ्यावरच्या केमिस्टला विचारायचो. फरक एवढाच, की सांगणारा माणूस ओळखीचा असायचा. त्याच्या बोलण्यातलं किती घ्यायचं आणि किती सोडायचं, हे आपल्याला माहीत असायचं.

रिव्ह्यू लिहिण्याचा हक्क आहे का?

आहे. फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं. पुढे २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यात आरोग्यसेवेचा थेट उल्लेख नाही, म्हणून डॉक्टर त्यातून वगळले गेले, असा दावा मुंबई उच्च न्यायालयात झाला. २०२१ मध्ये तो फेटाळला गेला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच निर्णय कायम ठेवला.

म्हणजे तुम्ही ग्राहक आहात आणि अनुभव सांगू शकता. मात्र बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार गुन्हा आहे. लोकहितासाठी सांगितलेली खरी गोष्ट याला अपवाद आहे. "दीड तास थांबावं लागलं" हा अनुभव झाला. "हा डॉक्टर चोर आहे" हा आरोप झाला, आणि तो सिद्ध करण्याची वेळ तुमच्यावर येऊ शकते.

रुग्णाला काय कळतं आणि काय नाही?

डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं का, औषध कशासाठी आहे ते समजावलं का, खर्च आधी सांगितला का, बिलाची पावती दिली का, हे रुग्णाइतकं दुसऱ्या कुणालाच कळत नाही. निदान बरोबर होतं का, शस्त्रक्रिया गरजेची होती का, हे मात्र अनेकदा रुग्णाला कळू शकत नाही. स्टार देताना या दोन्ही गोष्टींची सरमिसळ होते.

याचा परिणाम अभ्यासांमध्येही दिसला आहे. अमेरिकेत ऑनलाइन सल्ला घेणाऱ्या सर्दी-खोकल्याच्या रुग्णांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना अँटिबायोटिक मिळालं, त्यांनी डॉक्टरांना पाच स्टार जास्त वेळा दिले. ज्यांना कोणतंच औषध मिळालं नाही, ते कमी खूश होते. व्हायरल सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, तरीही!

त्याआधी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सुमारे ५२ हजार प्रौढांची माहिती तपासली होती. डॉक्टरांवर सर्वाधिक समाधानी असलेल्या गटात रुग्णालयात भरती होण्याचं, औषधांवरच्या खर्चाचं आणि मृत्यूचंही प्रमाण जास्त आढळलं. समाधानामुळे मृत्यू होतो, असा याचा अर्थ नाही. पण समाधान आणि चांगले उपचार एकच नव्हेत, एवढं त्यातून नक्की दिसतं.

डॉक्टर उत्तर का देत नाहीत?

हॉटेलमालक वाईट रिव्ह्यूला सविस्तर उत्तर देऊ शकतो. डॉक्टर देऊ शकत नाहीत, कारण २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. "तुम्हाला अमुक आजार होता, म्हणून ते औषध दिलं नाही" असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं, तर नियमभंग होईल. त्यामुळे वाचणाऱ्याला एकच बाजू दिसते.

चांगल्या रिव्ह्यूंचाही एक प्रश्न आहे. रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करायला ही आचारसंहिता मनाई करते. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने एक पाऊल पुढे टाकलं. डॉक्टरांनी सोशल मीडियावर रुग्णांकडून शिफारशी किंवा रिव्ह्यू मागू नयेत, लाइक विकत घेऊ नयेत, असे नियम काढले. पण त्याच महिन्यात या नियमांना स्थगिती मिळाली.

रिव्ह्यू दाखवणारा तटस्थ असतो का?

जर्मनीत 'यामेडा' या डॉक्टर-रेटिंग संकेतस्थळाविरुद्ध कोलोनमधल्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर न्यायालयात गेल्या. पैसे न भरणाऱ्या डॉक्टरांच्या पानावर पैसे भरणाऱ्या डॉक्टरांच्या जाहिराती दिसत होत्या. हे तटस्थ नाही, असं म्हणत तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांचं पान काढून टाकायला सांगितलं.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं 'आयएस १९०००' हे मानक नोव्हेंबर २०२२ पासून आहे. रिव्ह्यू लिहिणाऱ्याची खातरजमा करावी, विकत घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, असं ते सांगतं. पण ते ऐच्छिक आहे.

आणि शीवच्या रुग्णालयाचं काय?

मध्य रेल्वेवर माटुंग्याच्या पुढचं स्टेशन शीव. तिथलं महापालिकेचं लोकमान्य टिळक रुग्णालय अनेकांसाठी निवड नसते, गरज असते. तिथे रांगेला वैतागून दिलेला एक स्टार त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांबद्दल फारसं काही सांगत नाही. ती तक्रार खाटांच्या आणि मनुष्यबळाच्या कमतरतेची असते. शिवाय १९९५ च्याच निकालानुसार, सर्वांना मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही. केस पेपरचे नाममात्र पैसे भरले तरी त्यात फरक पडत नाही.

मग लिहायचं की नाही?

जरूर लिहा. राग दवाखान्याच्या तोडफोडीतून निघण्यापेक्षा शब्दांतून निघालेला केव्हाही बरा. फक्त काही गोष्टी लक्षात ठेवा:

• जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहा: वेळ, वागणूक, समजावून सांगणं, खर्च, पावती.
• आजाराचे तपशील, रिपोर्टचे फोटो टाकू नका. एकदा पसरलेली माहिती परत घेता येत नाही.
• बरा अनुभव आला तरी लिहा. फक्त चिडलेले लोक लिहीत असतील, तर चित्र अपुरं राहतं.
• वाचताना स्टारपेक्षा मजकूर बघा. एकाच आठवड्यात आलेले एकसारख्या शब्दांतले दहा रिव्ह्यू दिसले, तर सावध व्हा.
• डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी वेगळ्या परिषदा आहेत.

निष्काळजीपणाचा संशय असेल, तर मात्र रिव्ह्यू लिहून थांबू नका. आधी उपचारांची कागदपत्रं मागा. २००२ च्या आचारसंहितेनुसार मागणी केल्यावर ७२ तासांत ती देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. ती दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा. मग मेडिकल कौन्सिलकडे किंवा ग्राहक आयोगाकडे तक्रार करा. आयोगाकडे जायची मुदत साधारणपणे दोन वर्षांची असते. तिथे डॉक्टरांनाही आपली बाजू कागदपत्रांसह मांडता येते, आणि म्हणूनच तिथल्या निर्णयाला वजन असतं.

डॉक्टर आपल्याशी कसे वागले, हे रिव्ह्यू सांगू शकतो. उपचार बरोबर होते का, हे तो सांगू शकत नाही. आईसाठी डॉक्टर निवडताना एवढं लक्षात ठेवलं, तर ३.६ वाले डॉक्टरही एकदा भेटून बघावेसे वाटतील.