मेलेल्याने लावलेला दावा

इम्रान हाश्मीचा ‘डिबुक’ (२०२१) पाहिलेल्यांना वाटेल, यहुद्यांचे भूत जुन्या लाकडी पेटीत राहते. ती पेटी २००३ मध्ये इंटरनेटवरच्या लिलावातून गाजली, आणि तिची गोष्ट आपण रचली होती हे विकणाऱ्यानेच पुढे कबूल केले. लोककथेतला दिब्बुक म्हणजे गती न मिळालेला आत्मा. तो जिवंत माणसाच्या देहात आसरा घेतो. मला कित्येक वर्षे वेड लावले आहे ते १९३७ मध्ये पोलंडात निघालेल्या यिडिश ‘दिब्बुक’ चित्रपटाने.

कथा थोडक्यात अशी. सेंडर आणि निसान हे दोघे मित्र अजून न जन्मलेल्या मुलांची सोयरीक ठरवून शपथ घेतात. निसान मरतो, सेंडरला पैसा दिसतो आणि तो आपल्या मुलीसाठी श्रीमंत स्थळ ठरवतो. निसानचा गरीब मुलगा खोनेन ते कळताच मरतो आणि ऐन लग्नात नवरीला, लेआला, झपाटतो.

चित्रपट ज्यावर बेतला ते नाटक लेखक आन्स्कीचे, पण नाटकाची मुळे त्याच्या भटकंतीत आहेत. १९१२ ते १९१४ या काळात तो व्होल्हिनिया-पोडोलियाच्या यहुदी वस्त्यांतून गाणी, कहाण्या, ताईत, गंडे गोळा करत फिरला. सोबत छायाचित्रकार युदोविन होता, मेणाच्या नळकांड्यांवर आवाज मुद्रित करणारे यंत्रही होते. त्यातून १९१४ मध्ये एक प्रश्नावली छापली गेली. प्रश्न किती? २,०८७! गर्भारपणापासून सुरुवात, मग बाळंतपण, शाळा, लग्न, संसार आणि शेवटी मृत्यू. मेल्यावर आत्म्याचे काय होते, हेही आन्स्कीला लोकांच्याच तोंडून हवे होते. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि ती प्रश्नावली गावोगाव पोहोचलीच नाही. माझ्या मते तिचे सर्वांत भरघोस उत्तर म्हणजे हे नाटक. त्याचा पहिला प्रयोग पाहायला आन्स्की उरला नव्हता. तो नोव्हेंबर १९२० मध्ये गेला आणि महिन्याभराने वॉर्सात पडदा उघडला.

दिग्दर्शक मिखाऊ वाशिन्स्की त्याच व्होल्हिनियातला. त्याच्या चित्रपटात लग्नाच्या दिवशी लेआला रीतीप्रमाणे भिकाऱ्यांबरोबर नाचावे लागते. मग कवटीचा मुखवटा घातलेला मृत्यू पुढे येतो आणि ती त्याच्याही हातात हात देते. ही भूमिका नृत्यदिग्दर्शिका युदिता बेर्गने स्वतः केली होती.

मला मात्र त्याहून भयंकर वाटतो तो दावा. आत्मा हुसकण्याआधी मिरोपोलचा रब्बी न्यायासन मांडतो, मेलेल्या निसानला फिर्यादी म्हणून बोलावतो आणि सेंडरला दोषी धरतो. निम्मी संपत्ती गरिबांना वाटायची, असा निकाल लागतो. इथे भूत अन्याय झालेल्याच्या बाजूचे आहे, म्हणून रब्बीच्या मंत्रांनाही पुरे यश येत नाही.

नायक-नायिका लिऑन लीबगोल्ड आणि लिली लिलियाना पुढे अमेरिकेत गेले आणि नाझींच्या संहारातून वाचले. गूढ निरोप्याची भूमिका करणारा आयझिक सांबर्ग १९४३ मध्ये पोन्यातोवाच्या छावणीत मारला गेला. चित्रपटाचे सल्लागार, इतिहासकार मायेर बालाबान १९४२ मध्ये वॉर्साच्या घेट्टोत वारले.

दिब्बुक पाहायचा तर हाच पाहा, आणि दाव्याचा प्रसंग घाईने पुढे सरकवू नका.