चकली हवी, भाजणी नको

जुन्या दिवाळी अंकांतल्या पाककृती एखाद्या हौशी माणसाने टाइप करून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरल्या आहेत, असे समजू. शोधाच्या चौकटीत तो 'चकली & भाजणी' असे लिहितो. ज्या लेखांत दोन्ही शब्द आहेत तेवढेच समोर येतात. त्यातल्या एका छोट्या लेखात हे शब्द एकेकदाच आले आहेत, तेही एकमेकांना लागून. डेटाबेस त्याला ०.०९९१ गुण देतो. मग आपला हौशी माणूस मधले & खोडून तिथे | ठेवतो, म्हणजे 'दोन्ही' ऐवजी 'दोन्हींपैकी काहीही'. लेख तोच, शब्द तेच, आणि त्यात दोन्ही शब्द अजूनही आहेतच. गुण मात्र ०.०६०८ वर येतात.

एका चिन्हाने इतका फरक का पडावा? ही चिन्हे म्हणजे दारावरचा रखवालदार, अशी बहुतेकांची समजूत असते. कोणाला आत सोडायचे आणि कोणाला नाही, एवढेच त्याचे काम. आत गेल्यावर कोणी पहिल्या रांगेत बसायचे आणि कोणी मागे, हे दुसरेच कोणीतरी ठरवत असणार. प्रत्यक्षात रखवालदारच खुर्च्याही लावतो. शिवाय त्या कशा लावायच्या, हे प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळे ठरलेले असते.

'आणि', 'किंवा', 'नाही' यांचे बीजगणित जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने मांडले. त्याचा मुख्य ग्रंथ १८५४ सालचा. याच विषयात खोल शिरलेला त्याचा स्नेही ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मला होता, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. या बीजगणितात विधान खरे असते किंवा खोटे असते. 'थोडे जास्त खरे' असा प्रकार त्यात नाही. कॉम्प्युटरला हे फार सोयीचे पडले. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशीच सूची डेटाबेस मनाशी बाळगून असतो: चकली या शब्दापुढे ती कोणकोणत्या नोंदींत आहे त्यांची यादी, भाजणीपुढे तिची यादी. 'आणि' म्हटले की दोन याद्यांमधले सामाईक तेवढे उचलायचे, 'किंवा' म्हटले की दोन्ही याद्या एकत्र करायच्या.

या काटेकोरपणाची किंमत किती, हे १९८५ साली डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी मोजून दाखवले. सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट या रेल्वेच्या अपघातावरून खटला चालू होता. सुमारे ४०,००० कागदपत्रे, साधारण साडेतीन लाख पाने, आयबीएमच्या स्टेअर्स या शोधयंत्रणेत भरलेली होती. प्रसंगाशी संबंधित निदान ७५ टक्के कागद हाती आले पाहिजेत अशी वकिलांची अट होती, आणि तेवढे मिळाले आहेत असा त्यांचा समजही होता. प्रत्यक्षात मिळाले होते जेमतेम २० टक्के. एक कारण अगदी साधे होते. वकील 'अपघात' शोधत होते आणि कागदांत तोच अपघात 'घटना', 'प्रसंग', 'परिस्थिती', 'अडचण' अशा नावांनी वावरत होता. 'आणि' जोडून प्रश्न जितका नेमका करावा तितके असे कागद बाहेर पडत गेले.

दुसरी वाट मोजणीची होती. शब्द किती वेळा आला यावरून कागदाचा विषय ओळखता येईल, हा विचार आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी १९५० च्या दशकात मांडला. १९७२ साली केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी त्याला आवश्यक जोड दिली: जो शब्द सगळीकडे सापडतो त्याला मोल कमी, जो क्वचित सापडतो त्याला जास्त. पाककृतींच्या संग्रहात 'मीठ' शोधून काही हाती लागत नाही, 'अनारसे' शोधून लागते. आजच्या जवळजवळ प्रत्येक शोधयंत्राच्या पोटात हा विचार कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. हे 'हो-नाही'चे जग नव्हे, हे 'कमी-जास्त'चे.

दोन्ही जगांची सोयरीक व्हावी यासाठी जेरार्ड साल्टन, एडवर्ड फॉक्स आणि हॅरी वू यांनी १९८३ साली एक देखणी रीत सुचवली. तिच्यात एक आकडा असतो. तो १ ठेवला की 'आणि' व 'किंवा' यांत भेदच उरत नाही. तो वाढवत नेला की दोघेही हळूहळू बूलच्या मूळ कडकपणाकडे सरकतात. रेडिओचे बटण फिरवावे तसे. रोजच्या वापरातल्या डेटाबेसांत मात्र ही रीत फारशी उतरली नाही. तिथे प्रत्येकाने आपापली तडजोड केली, आणि खरी गंमत त्या तडजोडींत आहे.

मायएसक्यूएलमध्ये फुल-टेक्स्ट शोधाचे दोन मुख्य प्रकार आहेत, साध्या भाषेतला आणि बुलियन. त्याच्या जुन्या मायआयसॅम पद्धतीच्या टेबलात साध्या भाषेतल्या शोधाचा एक नियम नवशिक्याला हमखास चकवतो. निम्म्या किंवा त्याहून जास्त नोंदींत असलेला शब्द तिथे शोधायच्या लायकीचाच धरत नाहीत. तीन नोंदींचे टेबल करून 'लाडू' शोधावा, दोन नोंदींत लाडू असावा, आणि उत्तर यावे: काहीही सापडले नाही. माणूस तासभर डोके खाजवतो. शोध बुलियन करताच लाडू हजर होतो, कारण तिथे हा नियम लागत नाही. मात्र या टेबलात बुलियन शोधाचे निकाल आपोआप गुणांनुसार लागत नाहीत, क्रम मुद्दाम मागावा लागतो. एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने काढून घेतले.

बुलियन शोधातली चिन्हे नुसती चाळणी लावत नाहीत, वजनही बदलतात. '+लाडू +(>बेसन <रवा)' असे लिहिले तर लाडू हवाच आणि बेसन किंवा रवा यांपैकी एक तरी हवा, पण बेसनाचे लाडू वर आणि रव्याचे खाली. मायआयसॅमच्या मूळ कोडमध्ये यासाठी छोटासा तक्ता आहे. प्रत्येक > चिन्हाला वजन दीडपट होते, प्रत्येक < चिन्हाला दीडने भागले जाते. ~ हे चिन्ह त्याहून मजेशीर. '+लाडू ~मेथी' म्हणजे मेथीचा लाडू आला तरी चालेल, पण तो मागे बसवा. '-मेथी' लिहिले तर मात्र मेथी हद्दपार. घराघरांत मेथीच्या लाडवांबद्दल जी मते असतात ती सगळी या दोन चिन्हांत मावतात. दोन शब्द कोणत्याही चिन्हाशिवाय लिहिले तर मायएसक्यूएल मनात 'किंवा' धरते. पोस्टग्रेसला साधा मजकूर दिला तर ते 'आणि' धरते. तोच वापरणारा, तेच दोन शब्द, दोन उलट अर्थ.

मायएसक्यूएलमध्ये नंतर आलेल्या इनोडीबी पद्धतीत गुणांचे सूत्र असे आहे: शब्द त्या नोंदीत किती वेळा आला, गुणिले त्याच्या दुर्मीळपणाचा वर्ग. दुर्मीळपणा म्हणजे एकूण नोंदी भागिले तो शब्द असलेल्या नोंदी, आणि त्याचा १० पायाचा लॉगॅरिदम. आठ नोंदींपैकी तिनांत शब्द असेल आणि एका नोंदीत तो ६ वेळा आला असेल, तर त्या नोंदीचे गुण १.०८८७. आता तो शब्द आठही नोंदींत असेल तर? ८ भागिले ८ म्हणजे १, आणि १ चा लॉगॅरिदम शून्य. गणिताप्रमाणे गुण शून्य, म्हणजे या शब्दाने नोंदींत काही डावे-उजवे ठरत नाही. हे बरोबरच आहे. पण डेटाबेस 'सापडले की नाही' हेही याच आकड्यावरून ओळखतो: शून्याहून मोठा तर सापडले. म्हणजे सगळीकडे असलेला शब्द कुठेच सापडला नसता. कोड लिहिणाऱ्यांनी यावर उपाय केला तो अस्सल जुगाड आहे. अशा वेळी १ ऐवजी १.०००१ चा लॉगॅरिदम घ्यायचा. दहा हजारांत एकाचा फरक, आणि तेवढ्यावर 'हो-नाही' व 'कमी-जास्त' एका आकड्यात नांदतात.

पोस्टग्रेसमधला शोध ओलेग बार्तुनोव आणि तेओदोर सिगायेव या रशियन जोडीने घडवला. २००८ साली ८.३ या आवृत्तीत तो डेटाबेसच्या गाभ्यात आला. त्याच्या नेहमीच्या गुणमापकात दुर्मीळपणाचा विचारच नाही. तो फक्त समोरचा लेख पाहतो, बाकीच्या संग्रहाशी त्याला कर्तव्य नसते. मग तो पाहतो काय? सगळ्यात आधी, प्रश्नाच्या सर्वांत बाहेरच्या पातळीवर कोणते चिन्ह आहे ते.

तिथे & असेल तर अंतर मोजले जाते. चकली आणि भाजणी लागून असतील तर ०.०९९१, मध्ये नऊ शब्द आले तर सुमारे ०.०४. तिथे | असेल तर अंतराला काही अर्थ नाही. प्रत्येक शब्दाचे स्वतंत्र गुण काढायचे, बेरीज करायची आणि प्रश्नात जितके शब्द असतील तितक्यांनी भागायचे. शब्द पुन्हा पुन्हा आला तर दुसऱ्या वेळेला पहिल्याच्या एक चतुर्थांश मोल, तिसऱ्या वेळेला एक नवमांश, असे वर्गाने घटत जाते. ही अनंत बेरीज पायच्या वर्गाच्या एक षष्ठांशापाशी थांबते, हे ऑयलरने अठराव्या शतकात काढले होते. पोस्टग्रेस त्याच आकड्याने, १.६४४९ ने, भाग देते. साध्या शब्दाचे मूळ वजन ०.१, त्याला १.६४४९ ने भागले की ०.०६०८. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्यांना हा आकडा ओळखीच्या चेहऱ्यासारखा भेटत राहतो.

यातून एक मजेदार गोष्ट निघते. 'चकली | भाजणी' या प्रश्नात एखाद्या लेखाने 'चकली, चकली, चकली' असा कितीही घोष लावला तरी त्याचे गुण ०.०५ च्या पुढे जाऊ शकत नाहीत. दोन्ही शब्द एकेकदाच घेणारा लेख त्याच्या वरच राहतो. म्हणजे 'किंवा' म्हटले तरी 'आणि'कडे कल आहेच, फक्त तो न बोलता.

नकाराचे मात्र वेगळेच. 'चकली & !भाजणी', म्हणजे बिनभाजणीच्या चकल्या. लेख बरोबर निवडले जातात. क्रम लावायची वेळ आली की गुणमापकाला बाहेर & दिसते आणि तो चकली व भाजणी यांच्यातले अंतर मोजायला निघतो. पण भाजणी तर आपणच हाकलून दिली आहे. जोडीच नाही, तर अंतर कशाचे मोजणार? हिशेब उणे निघतो. उणे गुण चालत नाहीत म्हणून त्या जागी एक ठरलेला आकडा ठेवला जातो: दशांशचिन्हापुढे १९ शून्ये आणि मग एक. प्रत्येक लेखाला हाच. चकलीवर अख्खा लेख लिहिणारा आणि फराळाच्या यादीत तिचे नुसते नाव घेणारा, दोघे एका ओळीत. यावर जाणकारांचा उपाय असा की निवड एका प्रश्नाने करायची आणि क्रम दुसऱ्याने: आत सोडताना 'चकली & !भाजणी', गुण देताना नुसती 'चकली'.

मराठी मजकुरात हे सारे आणखी एका वळणावर जाते. पोस्टग्रेसच्या शब्द तोडणाऱ्या कोडमध्ये देवनागरीचा काना, वेलांटी, विसर्ग यांची वेगळी यादी आहे. ही चिन्हे अक्षरे नसली तरी त्यांच्यापाशी शब्द तोडू नये, एवढ्यासाठी. शब्द त्यामुळे अखंड राहतो, पण विभक्तीचे काय? शब्द मुळाशी नेण्याची सोय हिंदीसाठी २०२१ साली १४ व्या आवृत्तीत आली. मराठीसाठी ती सोबत येत नाही. 'पाणी' शोधले तर 'पाण्यात' मिळत नाही. साहजिकच लोक 'पाणी | पाण्यात | पाण्याला | पाण्याचा' असे लिहितात. आता वरचा भागाकार आठवावा. प्रश्नात चार शब्द, म्हणून चारने भाग. ज्या लेखात 'पाणी' शंभरदा आहे आणि बाकीची रूपे नाहीत, त्याची मजल ०.०२५ च्या आतच. चारही रूपे एकेकदा आलेला चार ओळींचा मजकूर ०.०६०८ घेऊन त्याच्या डोक्यावर बसतो. दुष्काळावरच्या लेखाला व्याकरणाच्या पुस्तकातला विभक्तीचा तक्ता मागे टाकतो.

चार रूपांऐवजी 'पाण:*' लिहावे, म्हणजे 'पाण'ने सुरू होणारे सगळे, तर भागाकार टळतो, कारण प्रश्नात शब्द एकच उरतो. पाणी येते, पाण्यात येते, पाण्याला आणि पाणवठाही येतो. त्यांच्या पाठोपाठ एक पाणबुडी आणि एक पाणघोडाही येतो.