मेकॅनिकल कीबोर्ड आणि वेगाचा गैरसमज

मेकॅनिकल कीबोर्ड घेतला की टायपिंगचा वेग आपोआप वाढतो आणि गेममध्ये प्रतिस्पर्ध्याच्या आधी आपला डाव लागतो, हा समज सरावली, बोईसर, पालघर परिसरातील तरुणांमध्येही चांगलाच रुजलेला आहे. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो आणि तो साधत नसेल तर दोष घरातल्या साध्या कीबोर्डचा ठरवला जातो. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी गरजू विद्यार्थ्यांचा पैसा अस्थानी खर्च होतो, म्हणून त्याचा मुळापासून विचार करणे आवश्यक आहे.

साध्या, म्हणजे मेम्ब्रेन कीबोर्डमध्ये कळांखाली रबराचे घुमट असतात आणि कळ दाबली की विद्युतवाहक छपाई असलेले प्लॅस्टिकचे दोन पापुद्रे एकमेकांना टेकून संदेश जातो. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये मात्र प्रत्येक कळीला स्प्रिंग आणि धातूचे संपर्कबिंदू असलेला स्वतंत्र स्विच असतो. चेरी या जर्मन कंपनीच्या एमएक्स रेड स्विचची कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण संदेश २ मिलिमीटरवरच आणि साधारण ४५ ग्रॅम वजनाइतक्या दाबाने जातो. कळ तळापर्यंत दाबावी लागत नाही आणि प्रत्येक कळीचा स्पर्श सारखाच राहतो, हा या रचनेचा खरा फायदा होय. मात्र ‘अर्ध्यावर संदेश, म्हणून दुप्पट वेग’ हे त्यावरून काढलेले अनुमान कोणत्याही हिशोबात बसत नाही.

मिनिटाला ४० शब्द म्हणजे, पाच ठोक्यांचा एक शब्द धरल्यास, २०० ठोके होतात आणि दोन ठोक्यांमध्ये ३०० मिलिसेकंदांचा अवधी असतो. एक अक्षर पडद्यावर २० मिलिसेकंद उशिरा उमटले तर पुढचे प्रत्येक अक्षरही तेवढ्याच उशिराने उमटते आणि मिनिटाअखेर शब्दसंख्या जवळजवळ तेवढीच राहते. इतकी सरळ गोष्ट जाहिरातींच्या भडिमारात विसरली जाते, हे खेदजनक आहे. शिवाय मेकॅनिकल कीबोर्ड संदेश लवकर पाठवतातच असेही नाही. अभियंता डॅन लू यांनी २०१७ मध्ये कळ हलण्यास सुरुवात झाल्यापासून संदेश बाहेर पडेपर्यंतचा वेळ अनेक कीबोर्डांवर मोजला, तेव्हा सर्वांत कमी, म्हणजे सुमारे १५ मिलिसेकंद घेणारा कीबोर्ड ॲपलचा चपट्या कळांचा, तारेने जोडलेला निघाला आणि काही नावाजलेल्या मेकॅनिकल कीबोर्डांना ५० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागला.

मग जलद टायपिंग करणारे नेमके काय करतात? फिनलंडचे आल्टो विद्यापीठ आणि केंब्रिज विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १ लाख ६८ हजार स्वयंसेवकांचे १३.६ कोटी ठोके तपासले, तेव्हा सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्द आढळला आणि जलद टायपिंग करणारे पहिली कळ सुटण्यापूर्वीच पुढची कळ दाबतात, असे दिसून आले. ही सवय बोटांची आणि सरावाची आहे, पण ती पेलण्यासाठी एकाच वेळी दाबलेल्या अनेक कळा कीबोर्डला अचूक ओळखता आल्या पाहिजेत. या क्षमतेला रोलओव्हर म्हणतात. स्वस्त कीबोर्डमध्ये सर्व कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात आणि प्रत्येक कळीला डायोड, म्हणजे विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा घटक, नसल्यामुळे काही जोड्या एकत्र दाबताच एखादी कळ गळते. गेममध्ये धावणे, वळणे आणि उडी एकाच क्षणी हवी असते, तेव्हा हाच दोष आडवा येतो. स्विचच्या रंगापेक्षा रोलओव्हरची चौकशी अधिक महत्त्वाची आहे.

मराठीसाठी वेगळा कीबोर्ड लागतो हा दुसरा गैरसमज आहे. कीबोर्ड फक्त कळीचा क्रमांक पाठवतो, अक्षर संगणक ठरवतो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट रचनेत मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘तारापूर’ हा शब्द लिहिताना त, र, प, र उजव्या आणि दोन काने व ऊकार डाव्या हाताने येतात, म्हणजे सातही ठोके आळीपाळीने पडतात. असा लाभ कोणताही महागडा स्विच देत नाही. तो रचना शिकूनच मिळतो.

उरलेले समज थोडक्यात निकालात निघतात. मेकॅनिकल म्हणजे खडखडाट असे नाही, कारण टकटक फक्त क्लिकी प्रकाराचे स्विच करतात. निळ्या रंगाचा ब्लू स्विच टायपिंगसाठी आणि लाल रंगाचा रेड स्विच गेमसाठी हा नियम नव्हे, ती आवडीची बाब आहे. कळांखालच्या रंगीत दिव्यांचा वेगाशी संबंध नाही. मनगटाचे दुखणे स्विचमुळे थांबत नाही. टेबलाची उंची आणि बसण्याची पद्धत आधी सुधारावी लागते. पाच कोटी ठोक्यांचे आयुष्य हा आकडा प्रत्येक कळीचा असून तो प्रयोगशाळेतला असतो; समुद्राजवळच्या खाऱ्या, दमट हवेत उघडे धातू गंजतात, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या गावांत संपर्कबिंदूंवर सोन्याचा मुलामा आहे का, हे विचारणे अधिक शहाणपणाचे ठरते.

टायपिंगची परीक्षा हेच उद्दिष्ट असेल, तर घरातल्या चालू कीबोर्डवर कळांकडे न पाहता रोज सराव करावा आणि वेग स्थिरावल्यावरच, बोटांना आराम हवा म्हणून, नव्या खरेदीचा विचार करावा. खरेदीच्या वेळी दुकानातच दोन्ही शिफ्ट कळा दाबून धरून इंग्रजी वर्णमाला पूर्ण लिहून पाहावी, आणि त्यातले एखादे अक्षर गळाले तर तो कीबोर्ड, किंमत कितीही कमी असली तरी, घेऊ नये.