नंबर लागला की

जूनचा पहिला पंधरवडा, रविवार, सकाळचे साडेसहा. लखनौच्या मानक नगर स्टेशनात एक मालगाडी सिग्नलला खोळंबली आहे. फलाटावर कुणालाच तिचं काही पडलेलं नाही. मला पडलंय, कारण गेली बरीच वर्षं माझं पोट तिच्याच डब्यांवर चाललंय. इथून जवळच आरडीएसओ, रेल्वेची संशोधन आणि मानकं ठरवणारी संस्था. मालडबे, ब्रेक, रूळ कसे असावेत ते 1957 पासून इथं ठरतं. मी रेल्वेत नाही; डब्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका खासगी कारखान्याची ड्रॉइंगं आणि कागदपत्रं इथे बसून सांभाळतो. वय सत्तेचाळीस, गाव भुसावळ. कारखाना इथलं काम आवरतं घेतोय. पुण्याला या, म्हणतात, पण कमी पगारात. आणि माझ्या डोक्यात ट्रक शिरलाय.

ट्रकच का, याचं धड उत्तर मला बायकोला देता आलेलं नाही. टेबल नको, साहेब नको, समोर मोकळा रस्ता हवा, एवढंच सांगतो. ती म्हणते, "आधी जाऊन बघून तरी या."

सिंगार नगरला मेट्रो धरतो, दोन स्टेशनं पुढे ट्रान्सपोर्ट नगर. वरून नुसत्या ताडपत्र्या दिसतात, हिरव्या, निळ्या, काळ्या. खाली उतरलं की डिझेल, ग्रीस आणि तळणाऱ्या खस्ता-कचोरीचा वास एकदमच नाकात जातो. पाटे बसवणारे, टायर रिमोल्ड करणारे, रेडिएटरवाले, वजनाचे धर्मकाटे आणि जागोजाग बुकिंगच्या टपऱ्या. आरटीओचं ऑफिसही याच भागात. आज रविवार, म्हणून बंद. नंबरप्लेटा वाचत चालतो: यूपी 32, आरजे 14, एनएल 01. आणि एका कडेला, धुळीनं माखलेली दहाचाकी, एमएच 19.

जळगाव पासिंग. पाय आपोआप तिकडे वळतात.

गाडीखाली सतरंजी टाकून ड्रायव्हर पडलेला आहे. क्लीनर पोरगा हातात टामी घेऊन गाडीभोवती फिरतोय. प्रत्येक टायरवर एक ठोका मारतो आणि कान देतो. टणटणीत आवाज आला की पुढे. मागच्या जोडचाकांपैकी आतल्या टायरपाशी तो थांबतो, परत मारतो. "उस्ताद, हा बसका बोलतोय." ड्रायव्हर डोळे न उघडता सांगतो, "हवा बघ, मग जॅक काढ."

"कुठले हो तुम्ही?" मी मराठीत विचारतो, आणि माणूस उठून बसतो.

सावद्याचा आहे. पन्नाशी उलटलेली. रावेर पट्ट्यातली कच्ची केळी भरून हजारेक किलोमीटर आलाय, पहाटे मंडीत गाडी खाली केली. हौद्यात केळीच्या वाळक्या पानांचा थर अजून पडून आहे. पूर्वी हीच केळी रेल्वेनं उत्तरेत यायची, माझ्या लहानपणी भुसावळला वॅगनी भरलेल्या दिसायच्या. आता बरीचशी त्याच्यासारख्यांच्या हौद्यातून येतात.

मी मनातलं बोलून टाकतो. तो हसत नाही, याचं बरं वाटतं.

"लायसन?"

"कारचं आहे."

"मग जमतं." हलक्या वाहनाचं लायसन वर्षभर जुनं असलं की अवजड वाहनाचं शिकाऊ लायसन मिळतं. डॉक्टरचा दाखला लागतो. आठवी पासची अट 2019 मध्ये गेली. मान्यताप्राप्त केंद्रात अवजड वाहनाचं प्रशिक्षण सहा आठवड्यांत 38 तासांचं. हे मी आधीच शोधून ठेवलंय, ते त्याला सांगतो.

"अडतीस तास," तो म्हणतो. "मी सात वर्षं क्लीनर होतो, भाऊ. रात्री रिकाम्या रोडवर उस्ताद पाच-दहा किलोमीटर स्टेअरिंग द्यायचा, तेही त्याची मर्जी असली तर." मग पोराला हाक मारतो, "ये, साहेबांना वर बसव."

केबिनमध्ये चढायला तीन पायऱ्या. दुसरीवरच माझा गुडघा कुरकुरतो. सीटखालून इंजिनची ऊब येते. ही 2019 ची गाडी, एसी नाही. ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, पण जुन्या गाड्या अजून कितीतरी वर्षं धावणार. ड्रायव्हर चावी फिरवतो. इंजिन घरघरतं आणि डॅशबोर्डवर बझर ओरडायला लागतो. "हवा भरू द्या." ब्रेक हवेवर चालतात, टाकीत दाब भरल्याशिवाय गाडी सुटत नाही. काटा सावकाश वर सरकतो. बझर थांबतो.

"आता समोर काय दिसतं?"

"रस्ता. चहाची टपरी. ती लाल गाडी."

"पोरगा कुठंय?"

पोरगा कुठेच नाही. मी डावा आरसा बघतो, उजवा बघतो. ड्रायव्हर खिडकीतून शिट्टी मारतो, तसा तो माझ्या डाव्या बंपरच्या अगदी पुढून, दोन हातांवरून, डोकं वर काढतो. एवढा वेळ तिथेच बसला होता. माझ्या तळहातांना घाम फुटतो.

"चौकात तिथंच स्कूटी येऊन थांबते," ड्रायव्हर इंजिन बंद करतो. जानेवारी 2024 च्या संपात तोही गाडी उभी करून बसला होता. जीवघेण्या अपघातानंतर न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, अशी नव्या न्यायसंहितेतली तरतूद; तिच्याविरुद्धच तो संप. सरकारनं ती तूर्त लागू केलेली नाही. "थांबावं तर लोक मारतात, पळावं तर जेल. हे 38 तासांत सांगतात का?"

खाली उतरून कुल्हडमधला चहा. मी पैशाचं विचारतो. पगार वीस हजारांच्या आसपास, वर ट्रिपचा भत्ता. गाडी चालली तर भत्ता. उभी राहिली तर नाही. आणि गाडी उभीच फार राहते. भरायला उभी, काट्यावर उभी, शहरात नो-एंट्री उठेपर्यंत उभी, मंडीत खाली व्हायला उभी. 2025 मध्ये रद्द झालेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाचे आठ तास, आठवड्याचे 48 तास लिहिले होते, असं मी म्हणतो. तो विचारतो, "त्यात उभं राहायचे तास धरले होते का?"

हेच मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ज्याला मोकळा रस्ता समजत होतो तो या धंद्यातला छोटा भाग आहे. उरलेला सगळा वेळ दुसऱ्याच्या हातात, आणि त्याचं मोल शून्य. वाट बघण्यात गेलेले तास मग रात्री झोपेतून वसूल होतात. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या 2020 च्या पाहणीत जवळपास निम्मे चालक थकलेले असूनही गाडी हाकतात, असं आढळलं. घरच्या कुणाला या धंद्यात आणणार नाही, असं 84 टक्के म्हणाले. या माणसाचा मुलगा जळगावला आयटीआय करतोय.

"पण बाहेरून येऊन टिकलेलं कुणीच नाही का?" मी हट्टानं विचारतो. योगिता रघुवंशींचं नाव मी घेतो: नंदुरबारला वाढलेल्या, वकिलीची पदवी असलेल्या, पती गेल्यावर मुलांसाठी भोपाळहून ट्रक चालवू लागल्या. त्याला नाव माहीत आहे. "बाईनं नाव काढलं. पण तिला दुसरा रस्ता नव्हता. तुम्हाला पुणं आहे." थोडं थांबून म्हणतो, "चालवणं कोणीही शिकवील. थांबणं अंगी लागतं का ते आधी बघा."

टपरीतून हुंडेकऱ्याचा माणूस येतो. मलिहाबादचा दशहरी आहे, वाशी मार्केटला. भाव ठरायला दहा मिनिटं जातात, पण आधी सहा गाड्यांचा नंबर आहे. संध्याकाळ, फार तर रात्र.

"या वाशीपर्यंत," ड्रायव्हर सतरंजी झटकत म्हणतो. "क्लीनरच्या बाजूला बसा. पगार नाही, जेवण माझं."

मी हिशेब करतो. रजा शिल्लक आहे. राजीनामा लिहायचा नाही, 38 तासांची फी आत्ता भरायची नाही. आधी ही एक खेप, तीही ड्रायव्हरच्या नव्हे, पलीकडच्या सीटवर. बायकोला फोन लावतो.

"कुणाची गाडी आहे?"

"सावद्याची."

ती क्षणभर गप्प. मग म्हणते, "गुडघ्याचं मलम घ्यायला या आधी घरी. पोळ्या तिघांच्या करते. निघणार किती वाजता?"

"नंबर लागला की."