चीक पाण्याला का दाद देत नाही?

महाडहून रायगडाकडे जाताना नाते हे गाव लागतं. या पट्ट्यात मे महिन्यात घरोघरी फणस फुटतो आणि विळीला, हाताला, आता तर मिक्सरलाही चीक लागतो. फणसपोळीसाठी बरक्या फणसाचा रस मिक्सरमध्ये काढायचा, तर पात्याच्या बुडाशी करडी-पिवळी चिवट कड हमखास बसते. गरम पाणी ओतलं की ती मऊ होऊन पसरते, थंड झाली की पुन्हा घट्ट.

ताज्या चिकात राळेसारखे आणि रबरासारखे पदार्थ पाण्यात बारीक कणांच्या रूपात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की ते कण एकमेकांना आणि भांड्याला धरून बसतात. पाण्याशी त्यांचं जमत नाही, तेलाशी जमतं. म्हणून आपल्याकडे फणस फोडण्याआधीच विळीला खोबरेल लावतात. हे रसायनशास्त्र आज्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मिक्सरचंही तेच. आधी प्लग काढा. कडेवर तेल लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, कागदाने पुसा. उरलेल्या तेलाला मग साबण. तेल मुरायच्या आत घासायला घेतलं, तर चीक नुसता घासणीत जातो आणि घासणी टाकावी लागते.

रॉकेलनेही चीक सुटतो, पण झाकणाचं रबर फुगतं, वासही राहतो. बाहेरून बसलेला फोडणीचा जुना चिकट थर मात्र निराळा: तिथे तेलच हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट झालेलं असतं. त्याला खाण्याच्या सोड्याचा ओला लेप लावावा.